लिनक्स डेस्कटॉपवर डिस्क आणि आवाजाच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उबंटू, मिंट, डेबियन आणि फेडोरा वापरणाऱ्यांकडून डिस्क आणि आवाजाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून किचकटाकडे असे लावले आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. डिस्कचं नाव उदाहरणादाखल 'एसडीबी' घेतलंय. तुमच्याकडे ते वेगळं असेल, आणि चुकीच्या नावावर चालवलेली कमांड भलतीच डिस्क पुसून टाकते. म्हणून दर वेळी आधी `एलएसबीएलके` चालवून नाव आणि आकार पडताळा.

### डिस्क आणि पेनड्राइव्ह

१. काहीतरी बिघडलंय एवढंच कळतंय. सुरुवात कुठून करू?

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगपासून. टर्मिनलमध्ये `सुडो डीमेसग -डब्ल्यू` चालू ठेवा आणि पेनड्राइव्ह, डिस्क किंवा यूएसबी हेडसेट काढून पुन्हा लावा. एकही नवी ओळ उमटली नाही, तर उपकरण लावल्याचं कॉम्प्युटरला कळलेलंच नाही. वायर, पोर्ट, वीजपुरवठा किंवा खुद्द उपकरण यांपैकी काहीतरी गेलंय. सेटिंग बदलत बसू नका. उपकरण सापडल्याच्या ओळी आल्या आणि मागोमाग 'रीसेट' किंवा 'आय/ओ एरर' आलं, तर जोडणी कच्ची आहे किंवा डिस्क खराब होतेय. लॉगमध्ये सगळं सुरळीत असूनही काम होत नसेल, तरच फाइलसिस्टम, परवानग्या आणि सेटिंगकडे वळा.

मशीन अडकून रीस्टार्ट करावं लागलं असेल, तर आधीच्या बूटचा लॉग `जर्नलसीटीएल -के -बी -१` ने मिळतो. कुठलाही बदल करण्याआधी हा लॉग फाइलमध्ये साठवून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार उपाय एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि महिन्याभराने तीच तक्रार परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

२. पेनड्राइव्ह लावला, पण फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही.

`एलएसबीएलके -एफ` चालवा. नावच नसेल तर प्रश्न १. नाव आहे पण आकार शून्य असेल, तर पेनड्राइव्हचा कंट्रोलर बहुधा गेलाय (रिकामा कार्ड रीडरही शून्यच दाखवतो, त्याने घाबरू नका). आकार बरोबर आहे पण फाइलसिस्टमचा रकाना कोरा आहे, तर पार्टिशनची माहिती बिघडलीय. अशा वेळी 'फॉरमॅट करू का?' या प्रश्नाला हो म्हणू नका, आतला डेटा अजून तिथे असू शकतो. रकान्यात 'एक्सफॅट' दिसतंय आणि तरी उघडत नाही, तर कर्नल जुना असेल. एक्सफॅटचा आजचा ड्रायव्हर कर्नल ५.७ पासून आत आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांना वेगळं पॅकेज लागतं.

कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टवर फार विसंबू नका. मदरबोर्डपासून तिथवर आतून वायर जाते आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये ती सुमार असते. मागच्या पोर्टमध्ये लावून पाहा.

३. १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच दाखवते. फसवणूक झाली का?

नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट धरते, कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतो. डिस्क तेवढीच आहे. फॉरमॅटनंतर याहूनही कमी दिसत असेल तर प्रश्न ७.

४. ऑनलाइन स्वस्तात घेतलेल्या २ टीबीच्या पेनड्राइव्हवरच्या फाइली नंतर उघडत नाहीत.

इथे मात्र फसवणुकीचीच शक्यता जास्त. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप घालून कंट्रोलरला २ टीबी सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिखाण हवेत जातं किंवा जुन्या फाइलींवर बसतं, आणि एररही येत नाही. 'एफ३' नावाचं पॅकेज टाका. `एफ३राइट` ला पेनड्राइव्ह माउंट झालेला, म्हणजे ज्यात तो उघडतो तो, फोल्डर द्या, तो मोकळी जागा चाचणीच्या फाइलींनी भरतो. मग `एफ३रीड` त्या वाचून पडताळतो आणि किती डेटा हरवला ते सांगतो. नवीन पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड घेतलं की परत करण्याची मुदत असतानाच ही चाचणी करा.

५. कॉपी १०० टक्के झाली, पण इजेक्ट करताना मिनिटं न् मिनिटं अडकतं.

लिनक्स आधी रॅममध्ये लिहून मोकळा होतो आणि मागाहून सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतो. टक्केवारी रॅमची असते. कर्नलच्या मूळ सेटिंगनुसार उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत असा माल साचू शकतो. १६ जीबी रॅमवर तो ३ जीबीच्या आसपास जातो. यूएसबी २ चा पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीने लिहीत असेल, तर तेवढं उतरायला सहा मिनिटं लागणारच. उपटून काढू नका. `सिंक` टाइप करा. प्रॉम्प्ट परत आला म्हणजे सगळं लिहून झालं.

टक्केवारी खरी दिसावी असं वाटत असेल, तर 'सिसकंट्रोल'मध्ये (एसवायएससीटीएल असं टाइप करा) `व्हीएम.डर्टी_बाइट्स` ला २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी, आणि `व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स` ला त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी किंमत द्या.

६. विंडोजचं पार्टिशन उघडतं पण लिहिता येत नाही. कधी कधी माउंटच होत नाही.

विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. ते चालू असताना 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची अवस्था डिस्कवर ठेवून झोपतं आणि पार्टिशनवर 'वापरात आहे' अशी खूण राहते. कर्नल ५.१५ पासून आलेला 'एनटीएफएस३' ड्रायव्हर अशा खुणेचं पार्टिशन माउंट करायला नकार देतो. जुना 'एनटीएफएस-३जी' फक्त वाचू देतो. दोघांचंही बरोबर आहे: झोपलेल्या विंडोजच्या पोटात बदल केले, तर जागं झाल्यावर ते आपल्या जुन्या नोंदी वर लिहिणार आणि फाइली जाणार.

विंडोजमध्ये जाऊन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून `पॉवरसीएफजी /एच ऑफ` चालवा, मग त्या ड्राइव्हवर `चेकडिस्क /एफ` (सीएचकेडीएसके असं टाइप करा) आणि पूर्ण शट डाउन. लिनक्समधला `एनटीएफएसफिक्स -डी` ती खूण पुसतो, पण चेकडिस्कची तपासणी करत नाही. मशीनवर विंडोज उरलेलंच नसेल तरच तो वापरा.

७. 'डिस्क भरली' म्हणतंय, पण एवढ्या फाइली मी ठेवलेल्याच नाहीत.

आधी `डीएफ -एच`. खरोखर १०० टक्के असेल, तर `सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /` ने कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली ते शोधा आणि तसंच एकेक पायरी आत जा. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले: सिस्टमचा जर्नल (`जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम`, इथे एम मोठा), फ्लॅटपॅकचे न वापरलेले भाग (`फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड`), डाउनलोड केलेली पॅकेजं (`सुडो ॲप्ट क्लीन`) आणि टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट.

डीयू आणि डीएफची बेरीज जुळत नसेल तर खरी गंमत सुरू होते. एखादी मोठी फाइल डिलीट केली, पण कुठल्यातरी प्रोग्रामने ती उघडी धरलीय, तर जागा सुटत नाही. `सुडो एलएसओएफ +एल१`, एल मोठा, अशा फाइली दाखवतो. तो प्रोग्राम बंद करा. दुसरी शक्यता अशी की बाहेरची डिस्क लावलेली नसताना बॅकअप चालला आणि तो तिच्या रिकाम्या माउंट फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या मूळ डिस्कवरच, लिहिला गेला. नंतर डिस्क लावली की तो तिच्याखाली झाकला जातो, आणि डीयूला काहीच दिसत नाही. `सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी` करून 'एमएनटी'च्या आत बघितलं की झाकलेला माल दिसतो.

डीएफ मोकळी जागा दाखवतो आणि तरी लिहिता येत नाही, तर `डीएफ -आय` बघा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड (दर फाइलीमागे एक लागणारी नोंद) संपवलेले असू शकतात. शिवाय ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) दर पार्टिशनमधली ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टमच्या ॲडमिनसाठी, राखून ठेवतो, १ टीबीवर ५० जीबी. मुख्य सिस्टमच्या (रूट) पार्टिशनवर ती असू द्या. निव्वळ डेटाच्या पार्टिशनवर `सुडो ट्यून२एफएस -एम १ /डेव्ह/एसडीबी१` ने १ टक्क्यावर आणायला हरकत नाही.

८. मराठी नावांच्या फाइली पेनड्राइव्हवरून कॉपी करताना 'फाइल नेम टू लाँग' येतं. नाव तर एवढं लांब नाही!

ईएक्सटी४, बीटीआरएफएस आणि एक्सएफएस यांवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. एनटीएफएस आणि एक्सफॅटची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे एकच एकक घेतं. लिनक्सकडे तेच चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळी वेगळी मोजली जातात. 'ज्ञानेश्वरी' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण आत ११ चिन्हं आणि ३३ बाइट आहेत. म्हणजे साधारण ८५ चिन्हांनंतर नाव मावत नाही. व्याख्यानं आणि कीर्तनं डाउनलोड करताना शीर्षकच फाइलचं नाव होतं, तिथे ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

पेनड्राइव्हवरच नाव छोटं करून मग कॉपी करा. जुन्या उबंटूवर होम फोल्डर 'ईक्रिप्टएफएस'ने एन्क्रिप्ट केला असेल, तर मर्यादा आणखी खाली, १४३ बाइटवर येते. तिथे ४७ चिन्हंच बसतात.

९. नवी डिस्क 'एफएसटॅब'मध्ये घातली आणि आता मशीन 'इमर्जन्सी मोड'मध्ये अडकतं.

एफएसटॅब ही बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी. तिच्यातली ओळ चुकली किंवा ती डिस्क जोडलेली नाही. बूट सांभाळणारा सिस्टमडी डिस्कची दीड मिनिट वाट बघतो आणि मग बूट थांबवतो. इमर्जन्सी शेल मिळाला तर `माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /` करून `नॅनो /ईटीसी/एफएसटॅब` मध्ये त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका आणि रीस्टार्ट करा. शेलच मिळत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) तीच फाइल दुरुस्त करा.

पुन्हा घालताना 'एसडीबी१' असं नाव वापरू नका, ही नावं बूटगणिक बदलू शकतात. `एलएसबीएलके -एफ` ने दिलेला यूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक) वापरा. मुख्य सिस्टम ज्यावर नाही अशा प्रत्येक डिस्कच्या पर्यायांत 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस' लिहा. मग `फाइंडएमएनटी --व्हेरिफाय` आणि `सुडो माउंट -ए` चालवा. या दोन कमांडनी कुरकुर केली नाही तरच रीस्टार्ट.

१०. हार्ड डिस्क जायच्या मार्गावर आहे हे आधी कळतं का?

पुष्कळदा कळतं. 'स्मार्टमाँटूल्स' पॅकेज टाकून `सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी` चालवा. यूएसबी केसमधली डिस्क उत्तर देत नसेल तर `-डी सॅट` जोडा. 'पास्ड' या एका शब्दावर समाधान मानू नका. शेकडो खराब सेक्टर असलेली डिस्कही 'पास्ड' म्हणते. शेवटचा कच्च्या आकड्याचा रकाना वाचा.

क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत असलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. ५ वर छोटा आकडा वर्षानुवर्षं स्थिर असेल तर डिस्क वापरता येते, लक्ष ठेवून. आठवड्यागणिक वाढत असेल किंवा १९७ शून्यावर नसेल, तर आज बॅकअप घ्या, उद्या नाही. क्रमांक १९९ मात्र वेगळा आहे. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वायरीवर चुकलेला डेटा मोजतो. तो वाढला की साटा केबल बदला. जुना आकडा खाली येत नाही, फक्त वाढणं थांबतं, आणि तेवढंच बघायचं असतं. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलपायी चांगल्या डिस्का भंगारात जातात म्हणून हे ठासून सांगतोय.

संशय असेल तर `-टी लाँग` ने पूर्ण चाचणी लावा. १ टीबीच्या फिरत्या डिस्कला दोन-तीन तास लागतात. एनव्हीएमई एसएसडीवर हे क्रमांक नसतात. तिथे 'क्रिटिकल वॉर्निंग' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य हवेत, आणि 'अव्हेलेबल स्पेअर' उंबरठ्याच्या बराच वर हवा. 'पर्सेंटेज यूज्ड' १०० च्या पुढे गेला तरी एसएसडी त्या क्षणी बंद पडत नाही. कंपनीने धरलेलं लिखाणाचं आयुष्य संपलं एवढाच त्याचा अर्थ.

११. काम करता करता अचानक सगळं 'रीड-ओन्ली' झालं.

ईएक्सटी४ ला स्वतःच्या नोंदींत गफलत आढळली की आणखी नुकसान होऊ नये म्हणून तो लिखाण थांबवतो. का आढळली हे आधी बघा. लॉगमध्ये 'आय/ओ एरर' असेल तर डिस्क किंवा केबल (प्रश्न १०), आणि डेटा बाहेर काढेपर्यंत दुरुस्ती करू नका. हार्डवेअर ठीक आहे आणि नुकतीच वीज गेली होती, तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, पार्टिशन माउंट नाही याची खात्री करा आणि आधी `सुडो ई२एफएससीके -एन` ने फक्त पाहणी करा. मग `-एफ` ने दुरुस्ती. माउंट असलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीही चालवू नका.

बीटीआरएफएसवर हे लागू नाही. तिथे `बीटीआरएफएस स्क्रब` चालवा. `बीटीआरएफएस चेक --रिपेअर` हा अगदी शेवटचा उपाय, तोही डिस्कची प्रत काढून ठेवल्यावरच.

वीज वारंवार जात असेल तर डेस्कटॉपला यूपीएस ही चैन नाही, डिस्कच्या आयुष्याचा भाग आहे.

१२. डिस्क कट्‌कट् आवाज करतेय आणि त्यात घरचे फोटो आहेत.

मशीन बंद करा. यात मिनिटं महत्त्वाची असतात. एफएससीके, डीफ्रॅग, पूर्ण चाचणी, काहीही चालवू नका, कारण हेड दर फेरीत प्लॅटरला आणखी इजा करू शकतं. फोटोंचं मोल मोठं असेल आणि आवाज धातूवर आपटल्यासारखा असेल, तर ती पुन्हा चालूच न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

आवाज नाही, फक्त वाचताना अडते, तर 'डीडीरेस्क्यू' वापरा. डेबियन-उबंटूवर पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू'. मूळ डिस्कपेक्षा जास्त मोकळी जागा असलेली दुसरी डिस्क हवी. पहिली फेरी `सुडो डीडीरेस्क्यू -एन /डेव्ह/एसडीबी प्रत.आयएमजी नकाशा.मॅप`: जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अवघड भाग सोडून देतं. दुसऱ्या फेरीत `-एन` च्या जागी `-डी -आर३`, म्हणजे राहिलेल्या सेक्टरवर तीन वेळा प्रयत्न. नकाशाची फाइल जपा, तिच्यामुळे अर्ध्यात थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. दुरुस्ती आणि फाइल रिकव्हरी नंतर त्या प्रतीवर करायची, मूळ डिस्कवर नाही.

१३. यूएसबी केसमधली डिस्क मोठी फाइल कॉपी करताना मधेच तुटते.

लॉगमध्ये 'यूएएस' आणि 'ॲबॉर्ट' हे शब्द शोधा. दिसले नाहीत तर आधी वीज तपासा: यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००, आणि फिरती डिस्क सुरू होताना याहून जास्त मागू शकते. छोटी केबल, मागचा पोर्ट, नाहीतर स्वतःच्या ॲडॉप्टरचा हब.

ते शब्द दिसले तर केसमधली, डिस्कला यूएसबीशी जोडणारी ब्रिज चिप यूएएस (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलण्याची पद्धत) नीट पाळत नाही. `एलएसयूएसबी` ने तिचा चार-चार अक्षरांचा जोड क्रमांक घ्या. ग्रब मेनूवर (मशीन चालू होताना सिस्टम निवडायचा मेनू) 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी `यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=` लिहा, पुढे जागा न सोडता तो क्रमांक, कोलन आणि 'यू'. हा बदल एकाच बूटपुरता असतो. वेग थोडा घटला पण तुटणं थांबलं, तर ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा करा.

१४. इन्स्टॉलरला एनव्हीएमई एसएसडी दिसतच नाही. किंवा दिसते, पण चालता चालता गायब होते.

हे दोन वेगळे आजार आहेत. इन्स्टॉलरला दिसत नाही तेव्हा बायोसमध्ये साटा मोड बहुधा 'रेड' किंवा इंटेल 'आरएसटी'वर असतो. तो 'एएचसीआय' करा. पण त्याच मशीनवर विंडोज असेल तर आधी ते सेफ मोडमध्ये बूट होईल असं ठरवा, मग मोड बदला, नाहीतर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा.

डेस्कटॉपवर उलटंही घडतं. एम.२ खाचेत एसएसडी बसवली आणि जुनी साटा डिस्क गायब झाली. बऱ्याच मदरबोर्डवर त्या खाचेची लेन दोन-एक साटा पोर्टशी वाटून घेतलेली असते. मॅन्युअलमध्ये कोणते पोर्ट बंद होतात ते लिहिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की काम झालं.

चालता चालता गायब होत असेल आणि लॉगमध्ये 'कंट्रोलर इज डाउन' असेल, तर एसएसडी वीज वाचवण्याच्या खोल झोपेतून परत येत नाहीये. कर्नलला `एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०` द्या (ग्रबमधली रीत प्रश्न १३ मधलीच). त्याने थांबलं नाही तर एसएसडीचं फर्मवेअर आणि बायोस अपडेट करा.

### आवाज

१५. आवाज अजिबात येत नाही. नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधू?

खालून वर जा. तळाला कर्नलमधला अल्सा असतो, म्हणजे साउंड कार्डाचे ड्रायव्हर, त्यावर ॲपचा आवाज कार्डापर्यंत नेणारा पाइपवायर आणि त्याचा व्यवस्थापक वायरप्लंबर, त्यावर ॲप. उबंटूने २२.१० पासून आणि फेडोराने ३४ पासून पाइपवायर मुख्य केलं. त्याआधीच्या आवृत्त्यांवर त्या जागी पल्सऑडिओ आहे.

`एप्ले -एल` साउंड कार्ड दाखवत नसेल तर अडचण तळाला आहे, प्रश्न १६ बघा. कार्ड दिसत असेल तर `अल्सामिक्सर` उघडा, एफ६ ने खरं कार्ड निवडा आणि पट्ट्यांच्या खाली 'एमएम' कुठे लिहिलंय ते बघा. ते म्यूट आहे. 'एम' दाबून उघडा. मग `डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस`: 'सिंक्स'खाली ज्याच्यापुढे तारा आहे तिथे आवाज जातोय. सगळं जागेवर असून चालत नसेल तर `सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स`.

ही शेवटची कमांड सुडोशिवाय द्यायची. आवाजाची यंत्रणा तुमच्या लॉगिनची असते, रूटची नाही. सुडोने साउंडचे प्रोग्राम चालवले की होम फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली पडतात आणि पुढच्या लॉगिनला आवाज जातो. स्वतःला 'ऑडिओ' ग्रुपमध्ये घालण्याचा जुना सल्लाही आता सोडा. लॉगिन केलेल्याला परवानगी आपोआप मिळते.

१६. सेटिंगमध्ये फक्त 'डमी आउटपुट' दिसतं.

पाइपवायरला एकही कार्ड मिळालं नाही. गेल्या काही वर्षांतल्या इंटेल लॅपटॉपवर बहुतेक वेळा साउंडचं फर्मवेअर नसतं. `सुडो डीमेसग | ग्रेप -आय सॉफ` (एसओएफ) मध्ये फर्मवेअर लोड झालं नाही असं दिसलं, तर डेबियनवर 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड', फेडोरावर 'अल्सा-सॉफ-फर्मवेअर' पॅकेज टाकून रीस्टार्ट करा.

इंटरनेटवर `डीएसपी_ड्रायव्हर=१` हा उपाय सर्रास सुचवला जातो. त्याने स्पीकर चालू होतील, पण अंगभूत डिजिटल माइक जातो, कारण तो त्या फर्मवेअरवरच चालतो. मग 'माइक चालत नाही' ही नवी तक्रार सुरू होते. आधी फर्मवेअर, मग नवा कर्नल, आणि हा पर्याय अगदी शेवटी.

१७. मॉनिटर लावला की आवाज तिकडे पळतो आणि स्पीकर गप्प होतात.

एचडीएमआय हेही साउंड कार्ड आहे. 'पावूकंट्रोल' टाका, त्याच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबवर एचडीएमआयच्या कार्डाला 'ऑफ' करा. उलट मॉनिटरमधूनच आवाज हवा असेल आणि तो येत नसेल, तर त्याच यादीत 'एचडीएमआय २', 'एचडीएमआय ३' असे प्रोफाइल असतात. मॉनिटर चालू ठेवून एकेक लावून पाहा.

१८. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये हेडफोन लावला तरी आवाज मागच्या स्पीकरमधूनच येतो.

कॅबिनेट उघडा. मदरबोर्डच्या कडेला 'एफ_ऑडिओ' लिहिलेली दोन ओळींची पट्टी असते: दहा जागा, त्यातली आठवी पिन मुद्दाम गाळलेली, म्हणून नऊच पिना. पुढच्या जॅकची वायर तिथे येते. जुन्या कॅबिनेटमध्ये त्या वायरीला दोन शेपट्या असतात, एकीवर 'एचडी ऑडिओ', दुसरीवर 'एसी९७'. जॅकमध्ये पिन घातल्याची खबर एचडी ऑडिओच्या शेपटीतूनच बोर्डाला पोहोचते. एसी९७ ची लावली असेल तर हेडफोन आल्याचं लिनक्सला कळणारच नाही. बदला.

कॅबिनेटला फक्त एसी९७ असेल, तर पावूकंट्रोलच्या आउटपुट टॅबवर 'हेडफोन्स', शेजारी 'अनप्लग्ड' लिहिलं असलं तरी, हाताने निवडा. आवाज आला म्हणजे तार ठीक आहे, फक्त खबर पोहोचत नाही. कायमची सोय 'एचडीए-जॅक-रीटास्क'मध्ये त्या पिनसाठी जॅक ओळखणं 'नाही' असं ठरवून होते. अल्सामिक्सरमधला 'ऑटो-म्यूट मोड'ही याच खबरेवर चालतो.

१९. गाणं सुरू होताना 'टप्' आवाज येतो, पहिला शब्द गिळला जातो. काहींकडे सतत करकर येते.

'टप्' आणि गिळलेला शब्द हे कार्ड झोपी गेल्याचं लक्षण. खात्री करायला रूट शेलमधून `/सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह` या फाइलमध्ये ० लिहा. थांबलं तर 'मॉडप्रोब.डी'मध्ये `ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०` ठेवा. टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर तेही ही किंमत बदलतं, तिथेही शून्य करा. एवढ्यावर भागलं नाही, तर वायरप्लंबर काही सेकंद शांतता झाली की आउटपुट झोपवतो ते बंद करावं लागेल: `सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स` शून्य. वायरप्लंबर ०.५ पासून सेटिंग साध्या 'कॉन्फ' फाइलींत असतात. त्याआधीच्या लुआ फाइलींचे सल्ले नव्या आवृत्तीवर चालत नाहीत, आणि चालत नाहीत हे ती सांगतही नाही.

सततची करकर वेगळी. `पीडब्ल्यू-टॉप` उघडून 'ईआरआर' रकाना बघा. आकडा वाढतोय तर बफर वेळेत भरत नाहीये. `पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम १०२४` ने बफर मोठा करा. आकडा स्थिर असूनही करकर असेल तर ती विजेची आहे, प्रश्न २२.

२०. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान, पण मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा.

बिघाड नाही. गाणी 'ए२डीपी' प्रोफाइलवर येतात, त्यात माइक नसतो. माइक लागला की जोडणी 'एचएफपी'वर जाते: एकच चॅनेल, एमएसबीसी कोडेकवर १६ किलोहर्ट्झ, नाहीतर सीव्हीएसडीवर फक्त ८. उपाय असा की मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेगळा यूएसबी माइक निवडा, हेडफोनवर फक्त ऐका. तरी आपोआप बदलत असेल तर `डब्ल्यूपीसीटीएल सेटिंग्ज --सेव्ह ब्लूटूथ.ऑटोस्विच-टू-हेडसेट-प्रोफाइल फॉल्स`.

आवाज तुटत असेल तर ब्लूटूथ डोंगल यूएसबी ३ च्या डिस्कशेजारी आहे का ते बघा. यूएसबी ३ ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करते, ब्लूटूथही त्याच पट्ट्यात आहे. छोट्या एक्स्टेंशनने डोंगल दूर न्या.

२१. विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलं की आवाज नसतो. थेट चालू केलं की असतो.

आवाजाच्या काही कोडेक चिप विंडोजने सोडलेल्या अवस्थेतून साध्या रीस्टार्टने बाहेर येत नाहीत. फास्ट स्टार्टअप बंद करा (प्रश्न ६) आणि विंडोजमधून पूर्ण शट डाउन करूनच लिनक्समध्ये या. एकदा अडकलंच तर मशीन बंद करून वीज काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा लावा.

२२. स्पीकरमधून सारखी घूंऽऽ येते, गाणं बंद असलं तरी.

लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर घूं थांबली तर ती अर्थिंगच्या लूपची: कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या मार्गांनी जमिनीला जोडलेत. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर ३.५ मिमी वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल जातो पण जोडणी तुटते. जुन्या वायरिंगच्या घरात तीन पिनांच्या सॉकेटची वरची पिन नुसती शोभेची असते, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. तिथे आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. त्या पिनेवर माणसाचा जीव अवलंबून असतो.

माउस हलवला किंवा पान सरकवलं की चिरचिर बदलते, तर गोंगाट मदरबोर्डच्या आतला आहे आणि लिनक्सच्या सेटिंगने जात नाही. साधा यूएसबी डॅक (बाहेरचं छोटं साउंड कार्ड) किंवा बोर्डवरचं ऑप्टिकल आउटपुट वापरा. ऑप्टिकलमध्ये तांब्याची तारच नसल्यामुळे मगाशी सांगितलेला लूपही तिथे होत नाही.